खाऱ्या पाण्याचें मत्स्यालय आणि त्यावरील दिवा

घरांत मासे पाळण्याची हौस शहरांत आतां नवी राहिलेली नाहीं. गोड्या पाण्यांतील सोनेरी मासे, गप्पी, एंजल इत्यादि मंडळींनीं कित्येक दिवाणखान्यांत केव्हांच बस्तान बसविलें आहे. खाऱ्या पाण्याची पेटी ही मात्र निराळी गोष्ट होय. तिचें पाणी मीठ तोलून करावें लागतें, त्याची घनता वरचेवर पाहावी लागते, आणि मासे आणण्यापूर्वीं ती पेटी कांहीं आठवडे नुसती चालवून मुरूं द्यावी लागते. हे सगळे सोपस्कार निष्ठेनें करणारा गृहस्थ दिव्याचा प्रश्न निघाला म्हणजे एकदम निर्धास्त होतो. दुकानांत जावें, डोळ्यांना जो सर्वांत लखलखीत दिसेल तो दिवा उचलावा, आणि पेटीवर टांगून मोकळें व्हावें, असा बहुतेकांचा क्रम असतो. गोड्या पाण्यांत ही निवड चुकली तर फारसें बिघडत नाहीं. फार तर कांचेवर शेवाळ धरतें. खाऱ्या पाण्यांत ती चुकली तर पेटींतील एखादा रहिवासी चार-दोन महिन्यांत उपासानें मरतो, आणि तो उपासानें मेला ही गोष्ट मालकाच्या ध्यानांतहि येत नाहीं, कारण अन्न घालण्यांत त्यानें कसलीच कसूर केलेली नसते.

ह्या रहिवाशाचें नांव समुद्रपुष्प. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश २००३ सालच्या ‘फाइंडिंग निमो’ ह्या चित्रपटामुळें घरोघरच्या मुलांच्या ओळखीचा झाला, आणि तो ज्याच्या लवलवत्या हातांत लपतो तें हें समुद्रपुष्प. नांव फुलाचें असलें तरी तो प्राणी आहे. प्रवाळाचा जवळचा नातलग आहे. मुलांना निमो हवा असतो, निमोला घर हवें असें मुलांना वाटतें, आणि विकणाऱ्यास दोन्ही विकावयाचीं असतात. अशा रीतीनें समुद्रपुष्प घरीं येतें. माशांसाठीं घेतलेला साधा दिवा त्याच्या डोक्यावर लागतो, आणि तेथून त्याच्या हालास आरंभ होतो.

माशांचें काम साध्या दिव्यानें उत्तम भागतें, हें आधीं सांगितलें पाहिजे. माशाला प्रकाश हवा तो दिसण्यापुरता आणि दिवस-रात्र कळण्यापुरता. क्लाउनफिश, डॅमसेल यांसारख्या माशांना आठ-दहा तास मंद, एकसारखा उजेड पुरतो. कांहीं मासे तर निशाचर आहेत. मोठ्या डोळ्यांच्या स्क्विरलफिशला झगझगीत प्रकाशाचा त्रासच होतो, आणि तो दिवसभर खडकाच्या कपारींतून बाहेर पडत नाहीं. केवळ मासेच ठेवावयाचे असतील त्यानें दिव्यावर फार पैसे घालूं नयेत. ते पाणी गाळण्याच्या व्यवस्थेवर घालावेत. क्लाउनफिशला पेटींत समुद्रपुष्पाची मुळींच आवश्यकता नसते. निसर्गांत त्याला शत्रूंपासून आसरा लागतो. घरांत शत्रूच नसल्यामुळें तो त्याच्यावांचून वर्षानुवर्षें सुखानें राहतो.

समुद्रपुष्पाची आणि प्रवाळाची गोष्ट वेगळी कां, हें शास्त्रज्ञांनाहि एकदम उमगलें नाहीं. १९२८-२९ सालीं मॉरिस याँग ह्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखालीं एक तुकडी ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या प्रवाळभित्तीवर, लो आइल्स ह्या बेटांवर, संशोधनास गेली होती. प्रवाळाच्या शरीरांत सूक्ष्म सोनेरी-तपकिरी शैवलकण राहतात हें तत्पूर्वींच ठाऊक होतें. त्यांचा उपयोग काय, हा वाद होता. याँग आणि त्याचे सहकारी यांनीं जिवंत प्रवाळें प्रकाश न शिरणाऱ्या पेट्यांत कोंडून पाहिलीं. अंधारांत प्रवाळांचा रंग उडत गेला, शैवलकण शरीराबाहेर टाकले गेले, आणि प्रवाळें पांढरीफटक झालीं. तरीहि याँगनें काढलेला निष्कर्ष असा कीं, प्रवाळ हा मांसाहारी प्राणी असून तो त्या शैवलावर जगत नाहीं. प्रयोग अचूक होता; अनुमान मात्र पुढें टिकलें नाहीं. १९५८ सालीं मस्कॅटाइन आणि हॅंड ह्या अमेरिकन संशोधकांनीं किरणोत्सारी कार्बनाचा माग काढून दाखविलें कीं, शैवलानें प्रकाशांत तयार केलेलें अन्न समुद्रपुष्पाच्या देहांत प्रत्यक्ष उतरतें. पुढील वर्षीं थॉमस गोरो यानें जमैका बेटावर दाखविलें कीं, प्रवाळाचा चुनखडीचा सांगाडाहि उजेडांत अधिक वेगानें वाढतो. उथळ, स्वच्छ पाण्यांतील प्रवाळाच्या पोषणाचा मोठा वाटा ह्या शैवलाकडून येतो, हें आज निर्विवाद झालें आहे. तेव्हां अशा प्राण्यावरील दिवा ही शोभेची वस्तु नव्हे. ती त्याची शिदोरी आहे. वरून कोळंबीचे तुकडे घातले म्हणजे ती उणीव थोडीबहुत भरून निघते, सगळी निघत नाहीं.

अर्थात् हा नियम प्रत्येक समुद्रपुष्पाला लागूं नाहीं. स्कॉटलंडांत सर जॉन डॅलियेल ह्या निसर्गाभ्यासकानें १८२८ सालीं किनाऱ्यावरून उचलून आणलेलें एक तांबूस समुद्रपुष्प कांचेच्या भांड्यांत १८८७ पर्यंत जगलें. लोक त्याला कौतुकानें ‘आजी’ म्हणत. डॅलियेल वारला, त्यानंतर एकामागून एक अशा कित्येकांनीं तें सांभाळलें. त्या जातीच्या शरीरांत शैवल नसतें, म्हणून तिला दिव्याची गरजच पडली नाहीं. ताजें समुद्रजल आणि अधूनमधून एखादा कालव यांवर तिचें भागलें. क्लाउनफिशचीं यजमान असलेलीं उष्ण समुद्रांतील समुद्रपुष्पें मात्र सर्व शैवलधारी आहेत. एकाच्या अनुभवावर दुसऱ्याचा संसार मांडूं नये, एवढेंच ह्या आजीबाईचें उदाहरण सांगतें.

दिव्याकडे वळण्याआधीं कायद्याचें एक कलम ऐकून ठेवावें. भारतांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचींत २००१ सालीं सर्व दगडी प्रवाळें, काळें प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश झाला. वाघ ज्या अनुसूचींत आहे तीच ही. दुकानांतल्या कपाटामागें ‘खास गिऱ्हाइकासाठीं’ राखून ठेवलेला प्रवाळाचा तुकडा म्हणजे, दुसऱ्या शब्दांत, वाघाचें कातडें होय. मुंबई-पुण्याच्या घरांत म्हणून हा प्रश्न प्रायः समुद्रपुष्पापुरताच येतो. सिंगापुरांत किंवा न्यू जर्सींत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना पेटींतच वाढविलेल्या प्रवाळाचीं रोपें तेथील नियमांप्रमाणें उघडपणें विकत मिळतात. त्यांना पुढील विवेचन प्रवाळाच्या बाबतींतहि तितकेंच लागूं पडेल.

आतां प्रकाश कसा असावा? समुद्राचें पाणी हें एक गाळणें आहे. सूर्यप्रकाशांतील तांबडा भाग तें सर्वांत आधीं गिळतें. स्वच्छ समुद्रांत दहा मीटर खोल गेल्यावर तांबडा रंग जवळजवळ नाहींसा होतो. निळा प्रकाश मात्र फार दूरवर पोंचतो. प्रवाळांतील शैवलानें युगानुयुगें ह्या निळ्या उजेडावर संसार केला असल्यामुळें त्याचीं रंगद्रव्यें निळा आणि निळसर-हिरवा प्रकाश उत्तम शोषून घेतात. पाणी जितकें नितळ तितका हा उजेड खोल जातो. लक्षद्वीपच्या पारदर्शक पाण्यांत प्रवाळें पुष्कळ खोलपर्यंत वाढतात. मालवणास, गाळानें वरचेवर गढूळ होणाऱ्या पाण्यांत, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास जीं प्रवाळें आहेत तीं उथळ पाण्याच्या आश्रयानेंच राहतात.

येथेंच मनुष्याचा डोळा त्याला फसवितो. डोळ्याची संवेदना हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वांत तीव्र असते. ज्या निळ्या प्रकाशावर शैवल पोसतें, त्याच शक्तीच्या त्या प्रकाशाला डोळा सुमारें पंचविसावा हिस्साच दाद देतो. दिव्याच्या खोक्यावर छापलेलें ल्यूमेन हें माप ह्याच मानवी डोळ्यास प्रमाण मानून ठरविलेलें आहे. म्हणून भरपूर ल्यूमेनचा पिवळसर दिवा समुद्रपुष्पाला अर्धपोटीं ठेवूं शकतो, आणि अंधुक भासणारा निळा दिवा त्याला तृप्त करूं शकतो. खेरीज डोळ्याला अंधाराउजेडाशीं जुळवून घेण्याची खोड आहे. दिव्यांनीं उजळलेली खोली आणि भर दुपारचें अंगण यांत डोळ्यास जो फरक भासतो, त्याहून प्रत्यक्षांतील फरक कित्येकपट, शेंकडोंपट, असतो.

शैवलाच्या उपयोगाचा प्रकाश मोजण्याचें माप वेगळें आहे. ४०० ते ७०० नॅनोमीटर लहरींच्या टप्प्यांतील किती प्रकाशकण दर सेकंदाला एका चौरस मीटरवर पडतात, तें ह्या मापांत मोजतात. हौशी मंडळी त्याला थोडक्यांत ‘पार’ म्हणतात. उष्ण कटिबंधांत ऐन माध्याह्नीं समुद्राच्या पृष्ठभागावर हा आंकडा २००० च्या आसपास असतो. दिवाणखान्यांतील रोजच्या उजेडांत तो तीन-चारच भरतो. मऊ प्रवाळांना ५० ते १५० पुरतो, समुद्रपुष्पांना साधारण १०० ते २५०, आणि फांद्यांच्या दगडी प्रवाळांना २०० ते ४०० लागतो, असा पेट्या सांभाळणाऱ्यांचा अनुभव आहे. माप घ्यावयाचें तें प्राणी जेथें बसणार तेथें, पाण्याखालीं. कारण दिव्यापासून तळापर्यंत उजेड झपाट्यानें घटत जातो. हें मापनयंत्र महाग असतें. एखाद्या स्नेह्याकडून किंवा विक्रेत्याकडून तें एका संध्याकाळपुरतें आणतां आलें तर आणावें. हातांतल्या फोनवरचें मापन निळ्या दिव्याखालीं मुळींच भरंवशाचें नसतें. ‘इतक्या लिटरला इतके वॅट’ हा जुना ठोकताळाहि आतां सोडून द्यावा. वॅट म्हणजे दिव्यानें खाल्लेली वीज; त्यानें दिलेला प्रकाश नव्हे.

प्रत्यक्ष दिव्यांचा इतिहास फार लांब नाहीं. इंडोनेशियांत, जकार्ता शहरीं, ली चिन एंग यानें गेल्या शतकाच्या मध्यास समुद्रांतील जिवंत खडक, बुडबुडे सोडणारी हवेची नळी आणि सूर्यप्रकाश एवढ्याच भांडवलावर प्रवाळांची पेटी यशस्वी केली, आणि १९६१ सालीं ती पद्धत लिहून प्रसिद्ध केली. सूर्य फुकट आहे खरा, पण आपल्याकडील खिडकींत तो एप्रिलमध्यें पाणी तापवितो आणि जुलैमध्यें आठ-आठ दिवस तोंड दाखवीत नाहीं. त्याच्या भरंवशावर पेटी ठेवूं नये. पुढें ट्यूब आल्या. एका पेटीवर चार-सहा ट्यूब, त्यांत कांहीं पांढऱ्या व कांहीं निळ्या, ही रचना पुष्कळ वर्षें चालली. तिचा उजेड पेटीभर सारखा पसरतो हा गुण मोठा होता. परंतु ट्यूब वर्षभरांत क्षीण होते, आणि तीं क्षीणता डोळ्यास दिसत नाहीं. शिवाय ट्यूबमध्यें पारा असल्यामुळें मिनामाता करारांत सामील झालेल्या राष्ट्रांनीं २०२३ सालीं त्यांचें उत्पादन २०२७ पर्यंत थांबविण्याचें ठरविलें. आज नव्यानें ट्यूबची व्यवस्था करणें शहाणपणाचें नाहीं.

मेटल हॅलाइड दिवा हा ह्या सर्वांत तेजस्वी. त्याच्या एका बिंदूतून येणाऱ्या प्रकाशानें पाण्याच्या तळाशीं जी लहरींची जाळी नाचते, ती पाहून जुने हौशी आजहि उसासे टाकतात. पण त्याच्या उष्णतेचा विचार केला म्हणजे मुंबईकरानें त्याला दुरूनच नमस्कार करावा. पेटीचें पाणी २४ ते २७ अंशांत राहिलें पाहिजे. तीस अंशांवर तें बरेच दिवस राहिलें कीं समुद्रपुष्प आणि प्रवाळ दोन्ही आपलें शैवल टाकूं लागतात. ज्या घरांत मे महिन्यांत खोलीच ३३ अंशांवर असते, तेथें असा दिवा लावणें म्हणजे आधींच तापलेल्या तव्याखालीं जाळ वाढविणें. मग पाणी थंड करण्याचें यंत्र आणावें लागतें, आणि तें यंत्र आणखी वीज खातें. २५० वॅटचा दिवा दहा तास चालला म्हणजे दिवसाला अडीच युनिट, महिन्याला पंचाहत्तर. ९० वॅटचा एल.ई.डी. दिवा तेवढ्याच वेळांत महिन्याला सत्तावीस युनिटांत भागवितो.

एल.ई.डी. दिव्यानें हा सगळा हिशेब बदलला. निळा प्रकाश देणारा तेजस्वी एल.ई.डी. ही १९९० नंतरच्या दशकांतील जपानी कामगिरी असून, तिच्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. आज विकत घेणाऱ्यानें एल.ई.डी.च घ्यावा, मात्र तो घेतांना तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, त्यांत ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश पुरेसा आहे काय. दुसरी, निळा आणि पांढरा हे भाग स्वतंत्रपणें कमीजास्त करतां येतात काय. आणि तिसरी, ठराविक उंचीवर व ठराविक खोलीवर त्याचा ‘पार’ किती, याचा नकाशा बनविणाऱ्यानें दिला आहे काय. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर दुसरा दिवा पाहावा. अरुंद भिंगांच्या एल.ई.डी.चा प्रकाश झोतासारखा पडतो. मध्यें अतोनात, कडांना तुटपुंजा. साठ सेंटीमीटरपेक्षां लांब पेटीवर एका बलाढ्य दिव्यापेक्षां दोन मध्यम दिवे बरे.

दुकानांतील एका युक्तीविषयीं सावध राहावें. तेथें पेट्यांवर केवळ गर्द निळे दिवे लावलेले असतात. पुष्कळ प्रवाळांच्या आणि समुद्रपुष्पांच्या शरीरांत अशीं प्रथिनें असतात कीं, निळ्या प्रकाशांत तीं हिरवीं-केशरीं चमकूं लागतात. घरीं पांढऱ्या दिव्याखालीं तोच प्राणी तपकिरी दिसतो, आणि गिऱ्हाइकाला फसगत झाल्यासारखें वाटतें. वस्तुतः तपकिरी रंग ही शैवलाची, म्हणजे आरोग्याची, खूण आहे. खरी फसगत असते ती शुभ्र समुद्रपुष्पाची. तें दिसावयास कमळासारखें सुंदर, परंतु शैवल गमावलेलें आणि उपाशी असतें. क्वचित् अशा प्राण्याला पिवळा-जांभळा रंग पाजूनहि विकतात. विक्रेत्याला पांढरा दिवा लावावयास सांगावें आणि मगच पैसे मोजावेत.

दिवा बसविल्यावर घाई करूं नये. नवा दिवा पहिल्या दिवशीं पूर्ण शक्तीनें लावला तर अतिप्रकाशानेंहि शैवल जळतें. निम्म्या शक्तीनें आरंभ करून तीन-चार आठवड्यांत ती हळूहळू वाढवावी. पाणी पिवळसर झालें म्हणून कोळशाची गाळणी एकदम घातली तर पाणी नितळ होऊन उजेड एका रात्रींत वाढतो, आणि प्राणी पांढरे पडतात. कोळसा थोडा थोडा घालावा. मिठाच्या पाण्याचे तुषार दिव्याच्या कांचेवर वाळून पापुद्रा धरतात. तो आठवड्यास ओल्या फडक्यानें पुसावा, नाहीं तर चांगला दिवाहि निकामी ठरतो. खारें पाणी विजेचें उत्तम वाहक आहे. म्हणून दिवा भक्कम टांगलेला असावा, त्याच्या तारेला भिंतींतील जोडणीच्या खालपर्यंत झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारें पाणी झोळाच्या तळाशींच टपकतें, आणि विजेची गळती होतांच प्रवाह तोडणारें ई.एल.सी.बी. घरांत असल्याखेरीज पाण्यांत हात घालूं नये.

प्रकाश बेताचा आहे कीं नाहीं हें समुद्रपुष्प स्वतः सांगतें. उजेड कमी पडला तर तें आपली जागा सोडून वर वर सरकतें, अंग ताणून पातळ करतें, देठ लांबवितें. उजेड अति झाला तर कपारींत आक्रसून बसतें. भटकत्या समुद्रपुष्पाला पंपाच्या तोंडाशीं मोठा धोका असतो. पंपावर जाळी बसवावी. एका जागीं आठवडाभर पाय रोवून, फुगून, तपकिरी रंगानें बसलें कीं त्याची सोय लागली असें समजावें. तो दिवा त्यास देणें जमणार नसेल तर समुद्रपुष्प आणूंच नये. क्लाउनफिशची जोडी एखाद्या खडकाच्या आडोशालाहि आनंदानें संसार करते.

दिवसाचे आठ ते दहा तास पुरेत. सकाळीं एकदम झगझगाट करूं नये. आधीं खोलींतील दिवा लावावा, पंधरा-वीस मिनिटांनीं पेटीवरचा. अंधारांतून अकस्मात् उजेडांत आलेले मासे दचकून उडी मारतात आणि सकाळीं जमिनीवर मिळतात. रात्रीं शोभेचा निळा ‘चांदणें-दिवा’ तासभर ठेवावयाचा असेल तर ठेवावा. त्यानंतर मात्र पेटी अंधारांत असूं द्यावी, आणि दिवाणखान्यांत वाचन लांबलें तर पेटीवर जाड पडदा ओढावा.